कोडं पोरांनाच सोडवू द्या

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की मराठीत मुलांच्या साहसकथा एवढ्या असताना त्यांचे सिनेमे का होत नाहीत, आणि उत्तरादाखल आले ते प्रश्नच. म्हणजे बऱ्याच लोकांना नुसतं हळहळायचं नाहीये, सिनेमा काढायचाय! छान आहे. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, काही लांबलचक होती ती मी कापलीत, रागावू नका.

प्रश्न : माझ्याकडे एक जुनी किशोर कादंबरी आहे, साधारण १६० पानांची. चार भावंडं सुट्टीत मालवणला मामाकडे जातात, खाडीपलीकडे पडका बंगला, रात्री तिथे दिवे दिसतात, शेवटी तस्कर पकडले जातात. मला यावर फॅमिली फिल्म करायचीय. पहिला ड्राफ्ट लिहिला तो २१० पानांचा झाला. काहीच काढवत नाही आणि ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात मजा येत नाहीये. काय करू? — एक होतकरू दिग्दर्शक, कोल्हापूर

अहो, पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर अंदाजे एक मिनिट, म्हणजे तुम्ही साडेतीन तासांचा सिनेमा लिहिलाय. १६० पानांच्या पुस्तकाची २१० पानं कशी झाली ते मात्र मला न वाचताच कळतंय. लेखक एका वाक्यात सांगून मोकळा होतो ना, की "दुसऱ्या दिवशी पोरं होडीतून पलीकडे गेली", ते तुम्ही लिहिलंत तेव्हा होडी मागणं आलं, मामाची परवानगी आली, वल्ही शोधणं आलं, डबा आला, वाटेतली गंमत आली, मग उतरणं आलं. पुस्तकात जे चार शब्दांत झालं ते सिनेमात चार शॉटमध्येच व्हायला पाहिजे. आणि उलटही होतं, लेखकाने अर्ध्या पानात उरकलेला प्रसंग, उदाहरणार्थ अंधारात जिना चढणं, तो सिनेमात पाच मिनिटं चालू शकतो आणि चालावा. पुस्तकातल्या पानांचा आणि पडद्यावरच्या मिनिटांचा काही संबंध नसतो हे एकदा डोक्यात बसलं की कापायला हात धजावतो.

आता काय काढायचं. ड्राफ्ट बाजूला ठेवा, पुस्तक परत घ्या आणि पेन्सिलने प्रत्येक प्रकरणाच्या समासात एकच गोष्ट लिहा, इथे निर्णय कोणी घेतला? पोरांनी, मोठ्यांनी, की योगायोगाने. जिथे पोरांनी घेतला ते प्रसंग सिनेमाचा कणा. जिथे मोठ्यांनी घेतला ते एकतर उडवा किंवा तो निर्णय पोरांच्या हातात द्या. योगायोगाचं असं आहे की पोरं अडचणीत येण्यासाठी एखादा चालतो, त्यातून सुटण्यासाठी अजिबात चालत नाही. आपल्या जुन्या किशोर कादंबऱ्यांमध्ये एक हमखास घोळ असतो, सगळं पोरं करतात आणि ऐन शेवटी मामा पोलीस घेऊन येतात, फौजदारसाहेब पाठ थोपटतात आणि सरकारकडून बक्षीस. वाचताना चालून जातं कारण आपण पोरांच्या सोबत असतो. थिएटरमध्ये मात्र शेवटची दहा मिनिटं पोरं कोपऱ्यात उभी आणि मोठी माणसं पळतायत हे फार वाईट दिसतं. पोलीस येऊ देत की, पण पोरांनी बोलावलं म्हणून, पोरांनी सांगितलेल्या जागी, आणि तोपर्यंत तस्करांची होडी पोरांनीच सोडून दिलेली असली पाहिजे.

दुसरं म्हणजे मनातली वाक्यं. "बंडूला भीती वाटली पण त्याने ती दाखवली नाही", हे पडद्यावर कसं आणणार? मागून आवाज टाकून बंडूला बोलायला लावू नका प्लीज, ते आळशी काम आहे. त्याच्या हाताला काहीतरी उद्योग द्या. मला यासाठी एक जर्मन पुस्तक नेहमी आठवतं, एरिश केस्टनरचं एमिलचं, १९२९ सालचं. त्यातला पोरगा आगगाडीने एकटा बर्लिनला निघतो, आईने दिलेले १४० मार्क्स खिशात, त्यातले १२० आजीसाठी, आणि पैसे पडतील या धास्तीने तो नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो. डब्यात झोप लागते, पैसे चोरीला जातात, मग बर्लिनमधली पोरं मिळून चोराचा पिच्छा पुरवतात आणि शेवटी बँकेत या नोटा एमिलच्याच हे सिद्ध कशाने होतं? टाचणीच्या भोकांनी! बघा, भीती, स्वभाव आणि पुरावा, सगळं एका टाचणीत. दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये गेरहार्ड लामप्रेश्टने त्यावर सिनेमा केला, पटकथेला नाव बिली वाइल्डरचं, जो पुढे हॉलिवूडमध्ये मोठा झाला, आणि बर्लिनच्या खऱ्या रस्त्यांवर ती पोरांची झुंड त्या चोराभोवती जमत जाते ते आजही बघायला मजा येते. तुमच्या कादंबरीत अशी टाचणी कुठाय ते शोधा. नसेल तर तुम्ही घाला, त्यालाच रूपांतर म्हणायचं.

आणि चार पोरं आहेत तर चौघांना चार वेगळी कामं द्या. एक जण दोन सीन गायब झाला आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही असं वाटलं तर तीनच ठेवा.

प्रश्न : आमच्या गोष्टीत तसा व्हिलन नाही, मुलं बेटावर तंबू ठोकतात, एकमेकांशी लुटुपुटूची लढाई करतात एवढंच. प्रोड्युसर म्हणतायत एक दहशतवाद्याचा ट्रॅक टाका म्हणजे थरार येईल. टाकू का? — पुणे

नका टाकू. याचा प्रयोग ऑलरेडी झालेला आहे. आर्थर रॅन्समचं होडीवाल्या भावंडांचं 'स्वॅलोज अँड अॅमेझॉन्स' हे १९३० चं पुस्तक तुमच्या गोष्टीसारखंच, इंग्लंडमधला सरोवरांचा प्रदेश, सुट्टी, बेट, शिडाच्या दोन होड्या आणि दुसऱ्या होडीतल्या दोन पोरींशी युद्ध. १९७४ च्या सिनेमात ते बऱ्यापैकी तसंच ठेवलं होतं. २०१६ मध्ये परत केला तेव्हा त्यातल्या होडीत राहणाऱ्या मामाला चक्क गुप्तहेर केलं आणि त्याच्या मागावर रशियन हेर लावले. सिनेमा दिसायला सुरेख आहे, पण होतं काय, की खरे हेर आणि खरं पिस्तूल आलं की पोरांची लढाई एकदम खोटी वाटायला लागते, जी पुस्तकात जगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असते.

रात्री एकट्याने होडी हाकणं, वारा पडणं, धाकट्याला पोहता न येणं, यात भरपूर थरार आहे, तुमच्या प्रोड्युसरना एकदा रात्री होडीत बसवा. दहशतवादी टाकलात तर आणखी एक भानगड, सेन्सॉर. आता नुसतं यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायचं) राहिलेलं नाही, २०२४ च्या नियमांपासून त्याचे ७ प्लस, १३ प्लस आणि १६ प्लस असे भाग झालेत. मुलांच्या सिनेमाला यू (सगळ्यांसाठी खुला) किंवा फार तर ७ प्लस पाहिजे. १३ प्लसचा शिक्का बसला तर चौथी-पाचवीतल्या पोरांचे आईबाप तिकीट खिडकीवरच विचारात पडतील, आणि तेच तर तुमचे प्रेक्षक.

प्रश्न : रहस्यकथेचा सिनेमा करताना गुन्हेगार कोण ते शेवटपर्यंत लपवून ठेवावं ना? आमच्या ग्रुपमध्ये यावर जोरदार वाद झाला. — कॉलेजची मुलं, औरंगाबाद

सत्यजित राय यांनी उघड केलं, आणि तेही स्वतःच्याच पुस्तकातलं! फेलुदा या त्यांच्या बंगाली गुप्तहेराची 'सोनार केल्ला' ही १९७१ ची कादंबरी, १९७४ मध्ये त्यांनीच सिनेमा केला, पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने. गोष्ट अशी की मुकुल नावाच्या लहान मुलाला मागच्या जन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो, डॉक्टर हाजरा त्याला घेऊन राजस्थानात जातात, आणि किल्ल्यात खजिना असणार म्हणून दोन भामटे मागे लागतात. पुस्तकात मुकुलबरोबर असलेला डॉक्टर खोटा आहे हे आपल्याला शेवटी कळतं. गोष्ट फेलुदाचा चुलतभाऊ तोपशे सांगतोय, त्याला माहीत नाही म्हणून आपल्यालाही नाही. सिनेमात मात्र राय यांनी खऱ्या डॉक्टरला कड्यावरून ढकलताना आधीच दाखवून टाकलं.

म्हणजे पुढचा अख्खा सिनेमा आपल्याला माहितीये की हा माणूस डॉक्टर नाही, आणि ते पोरगं त्याचं बोट धरून चाललंय. आता सांगा, जास्त जीव कशात टांगला जातो? शेवटच्या पाच मिनिटांच्या "अरे बापरे हा होता काय" मध्ये, का दीड तास "अरे त्याच्याबरोबर जाऊ नकोस" असं मनातल्या मनात ओरडण्यात? मुलं तर थिएटरमध्ये खरंच ओरडतात. शिवाय लपवलेलं रहस्य एकदाच चालतं, पहिल्या शोची पोरं बाहेर येऊन शाळेत सांगून टाकणार, आणि माहीत असलेला धोका मात्र परत परत बघता येतो. बंगाली घरांमध्ये तो सिनेमा अजून पाठ आहे, उंटावर बसलेल्या जटायूचे (फेलुदाचा रहस्यकथा लिहिणारा मित्र) हाल सगळ्यांना माहीत असतात, आणि तरी बघतात.

पण लगेच सगळ्यांनी हेच करावं असं नाही. राय यांच्याकडे ज्याला काही कळत नाही असं एक लहान मूल धोक्यात होतं, म्हणून ते जमलं. तुमच्या गोष्टीत धोका कोणालाच नाही, नुसती चोरी शोधायचीय, तर लपवून ठेवा. वादात कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : फास्टर फेणेला मोठा का केला हो? मी लहानपणी सगळी पुस्तकं वाचलीत, सिनेमाला मुलाला घेऊन गेलो तर फेणे मेडिकलच्या परीक्षेला बसलेला! — एक दुखावलेला वाचक, ठाणे

तुमच्यासारखी बरीच पत्रं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे म्हणजे फुरसुंगीचा शाळकरी पोरगा, सायकल, जिभेने काढलेला 'टॉक्' आणि नको तिथे नाक खुपसायची सवय. दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा सुमीत राघवन फेणे होता, तेव्हा पोरगाच होता. २०१७ च्या सिनेमात दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आणि लेखक क्षितिज पटवर्धन यांनी तो अमेय वाघ केला, पुण्यात प्रवेश परीक्षेला आलेला, आणि रहस्य त्या परीक्षेतल्याच घोटाळ्याचं. समोर व्हिलन गिरीश कुलकर्णी. घरमालक म्हणून खुद्द भा. रा. भागवतच दाखवलेत, दिलीप प्रभावळकरांनी केलेले, ही कल्पना मला तरी फार आवडली, लेखकालाच गोष्टीत राहायला जागा दिली.

का मोठा केला ते उघड आहे. ज्यांनी पुस्तकं वाचली ते आता चाळिशी-पन्नाशीचे, तिकीट काढणारे तेच, आणि परीक्षेतला भ्रष्टाचार, खून वगैरे दाखवायचं तर दहा-बारा वर्षांचं पोरगं घालून ते अंगावर आलं असतं. धंदा म्हणून निर्णय समजतो. थ्रिलर म्हणून सिनेमा नीट बांधलेला आहे, मी दोनदा पाहिला. पण एक गोष्ट त्यात गेली. पुस्तकातल्या फेणेचं खरं हत्यार सायकल नाहीच, ते असं की त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पोरगंच तर आहे म्हणून मोठी माणसं त्याच्यासमोर नको ते बोलून जातात, त्याला दारातून आत सोडतात, खोलीत कोंडतात तेव्हा खिडकी बंद करत नाहीत. वीस वर्षांच्या तरुणाला हे मिळत नाही, त्याला लगेच मार पडतो. सिनेमावाल्यांना हे कळलं असणार, कारण त्यांनी भूभू नावाचा एक चलाख छोकरा गोष्टीत आणला आणि पुस्तकातला फेणेपणा बराचसा त्याच्याकडे गेला. माझं म्हणाल तर सिनेमा त्या भूभूचाच करायला हवा होता!

तुमच्या मुलाला आवडला का ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. आवडला असेल तर पुस्तकं हातात द्या, काम झालं.

प्रश्न : जुन्या पुस्तकाचे राईट्स घ्यावे लागतात का? लेखक वारले, प्रकाशन बंद पडलं, आता विचारायचं कोणाला? — नागपूर

हो, लागतात. लेखक गेल्यावर त्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराईट राहतो, तो वारसांकडे जातो. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०६१ संपेपर्यंत मोकळं होणार नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं केव्हाच मोकळं झालं. भाषांतरित पुस्तकांमध्ये लोक फसतात. ज्यूल व्हर्न १९०५ मध्ये गेला, त्याच्या गोष्टीवर आज कोणीही सिनेमा काढावा, पण तुम्ही वाचलेलं मराठी रूपांतर भागवतांचं असेल तर त्यातली मराठी नावं, संवाद, त्यांनी घातलेल्या गमती या त्यांच्या आहेत, त्या उचलायच्या नाहीत.

प्रकाशक बंद पडला म्हणून हक्क हवेत विरत नाहीत. बऱ्याचदा प्रकाशकाकडे फक्त छापायचे हक्क होते आणि सिनेमाचे लेखकाकडेच होते, त्यामुळे घरचे लोक शोधा, गावात चौकशी करा, पुस्तकाच्या प्रस्तावनेत, अर्पणपत्रिकेत नावं सापडतात. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, एका मुलाने सही केली आणि सिनेमा झाल्यावर अमेरिकेतली मुलगी उभी राहिली तर तुमचं काही खरं नाही.

करार लेखीच. त्यात कुठलं पुस्तक, कुठले हक्क (सिनेमा, वेब सिरीज, दुसरा भाग, डबिंग), किती वर्षं, कुठल्या देशांत, किती पैसे, हे सगळं लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, मग परदेशातल्या मराठी मंडळांना ओटीटीवर कसा दाखवणार? आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर तेही सुटतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. नवीन माणसाने लगेच पूर्ण हक्क विकत घ्यायची घाई करू नये, थोडी रक्कम देऊन वर्ष-दोन वर्षांचं ऑप्शन घ्यावं, म्हणजे तेवढ्या काळात हक्क दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत, तेवढ्यात स्क्रिप्ट आणि प्रोड्युसर जमतोय का बघावं.

हक्क घेतले म्हणून काहीही करायची मुभा मिळते असंही नाही. ऐंशीच्या दशकात मन्नू भंडारींनी त्यांच्या 'आपका बंटी'वरच्या सिनेमाविरुद्ध दिल्ली हायकोर्टात दाद मागितली होती, गोष्ट विकृत केली म्हणून, आणि हक्क विकल्यावरही लेखकाला आपल्या लेखनाची मोडतोड थांबवायचा अधिकार असतो हे कोर्टाने मानलं. शेवटी तडजोड झाली ती वेगळी गोष्ट. म्हणून करार करतानाच वारसांना सांगा की आम्ही शेवट बदलतोय, एक पात्र काढतोय. आधी सांगितलं की लोक समजून घेतात हो.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची एका मराठी सिनेमासाठी निवड झालीय. साहसकथा आहे, किल्ल्यावर शूटिंग. शाळेचं काय, सेफ्टीचं काय, काय काय विचारू? — एक आई, नाशिक

अभिनंदन! आणि लाजू नका, सगळं विचारा. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७ पासून स्पष्ट नियम आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांच्या वर काम नाही. प्रोड्युसरला ज्या जिल्ह्यात शूट आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती कागदावर बघायला मागा. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर पाहिजे, त्याचं नाव विचारून ठेवा. अभ्यास बुडू नये ही जबाबदारीही त्यांची. आणि मुलीच्या मानधनातले किमान २० टक्के तिच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करावे लागतात, ते ती सज्ञान झाल्यावर तिला मिळतात. "नंतर बघू" म्हणाले तर तिथेच थांबा.

पाच तासांत मेकअप, जेवण, रुसवेफुगवे सगळं येतं, कॅमेऱ्यासमोर हातात उरतात जेमतेम अडीच-तीन तास, हे शहाणा दिग्दर्शक धरूनच चालतो. साहसकथेत रात्रीचे सीन भरपूर असतात, त्यासाठी पोरांना मध्यरात्री जागवायची गरज नसते, दिवसा शूट करून रात्र करता येते किंवा कातरवेळेला पटापट उरकता येतं, ते कसं करणार आहेत ते विचारा. किल्ल्यावर कड्याच्या जवळचे शॉट कुठे, दोर कोण बांधणार, पाण्यात उतरायचं का. शेड्युल मेमध्ये असेल तर चढायला किती वाजता निघणार, कारण दहानंतर वरच्या दगडावर पाय ठेववत नाही.

आणखी एक, दिग्दर्शकांसाठीच लिहिते पण तुम्हालाही उपयोगी. शेड्युल पावसामुळे चार-सहा महिने पुढे गेलं की या वयातली मुलं बदलतात. दात पडतात, उंची वाढते, मुलगा असेल तर आवाज फुटतो. एकाच दरवाज्यातून आत जाताना पोराला पुढचे दात आहेत आणि बाहेर येताना नाहीत, असले सिनेमे मी पाहिलेत.

प्रश्न : ताई, मी सहावीत आहे. पुस्तकात कुत्रा असतो आणि तोच चोर शोधतो. पण पिक्चरमध्ये कुत्रा नसतोच किंवा थोडाच असतो. असं का करतात? — मडगाव, गोवा

तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. एक कारण म्हणजे कुत्र्याला स्क्रिप्ट वाचता येत नाही. तू म्हणशील शिकवायचं, शिकवतात, पण "वास घे, थांब, मागे बघ, मग भुंक" हे एका शॉटमध्ये करून घ्यायला अख्खी सकाळ जाते, आणि तेवढ्यात उन्हं जातात. म्हणून कधीकधी एकसारखे दिसणारे दोन कुत्रे घेतात, एक पळणारा आणि एक शांत बसणारा. पुढच्या वेळी पिक्चरमध्ये कुत्र्याचे कान नीट बघ, सापडेल.

दुसरं, आपल्याकडे सिनेमात प्राणी घ्यायचा तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी लागते, प्राण्याला त्रास झाला नाही हे दाखवावं लागतं, आणि ते चांगलंच आहे. माकड, अस्वल, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याकडून तर खेळ करून घ्यायलाच बंदी आहे, त्यामुळे पुस्तकातलं माकड सिनेमात दिसलं तर ते बहुतेक कॉम्प्युटरवर केलेलं असतं आणि त्याला पैसे लागतात.

पण माझं मत सांगू? जो दिग्दर्शक कुत्रा कापतो त्याने आधी दोन काका कापावेत.

प्रश्न : प्रोड्युसर म्हणतात फॅमिली फिल्म म्हणजे आईबाबांचाही ट्रॅक हवा, घटस्फोट, करिअर, भांडण वगैरे, नाहीतर मोठे कंटाळतील. हे खरंय का? — एक पटकथालेखिका, मुंबई

मोठे कंटाळतात ते स्वतःच्या नसण्याने नाही, सिनेमा ढिला असल्याने. आईबाबांचं भांडण पोराच्या साहसाचं कारण असेल, म्हणजे त्यामुळेच ते घराबाहेर पडलं असेल, तर ठेवा, पण ते पोराला दिसेल, ऐकू येईल तेवढंच. दाराआडून, जिन्यावरून, गाडीच्या मागच्या सीटवरून. ज्या सीनमध्ये एकही मूल नाही तो सीन मी तरी दहा वेळा विचार करून ठेवीन. खलनायकांचे सोडून, ते आपल्याला हवेतच.

साहसकथेत आईबाप दूर असणं ही गरज आहे, ते जवळ असले तर गोष्ट दुसऱ्या पानावर संपेल. आता तर मोबाईल आहेत, त्यामुळे आजच्या काळात गोष्ट आणायची असेल तर "फोन का नाही केला?" याचं उत्तर पहिल्या पंधरा मिनिटांत द्या. रेंज नाही हे सगळ्यांनी वापरून झालंय. त्यापेक्षा फोन आहे, लागतो, पण पोराला करायचा नाहीये, हे जास्त चांगलं. किंवा करतात आणि मोठ्यांचा विश्वासच बसत नाही. नाहीतर सरळ गोष्ट १९८२ मध्येच राहू द्या, कपडे आणि गाड्यांचा खर्च वाढेल पण सुख लागेल.

प्रश्न : माझ्या मुलांच्या कादंबरीवर सिनेमा निघतोय. पटकथा मीच लिहावी असं मला वाटतं, त्यांना वाटत नाही. आग्रह धरू का? — एक लेखक, रत्नागिरी

दोन टोकांची उदाहरणं देते. लुईस साकर या अमेरिकन लेखकाने 'होल्स' या आपल्या कादंबरीची पटकथा स्वतः लिहिली, सिनेमा २००३ मध्ये आला. वाळवंटातल्या सुधारगृहात पोरांना खड्डे खणायला लावतात, आणि सोबत शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट चालू असते, ती सगळी गुंतागुंत त्याने शाबूत ठेवली. पण नायक पुस्तकात जाडा आहे आणि खड्डे खणता खणता बारीक होतो, सिनेमात तो पहिल्यापासून बारीकच. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नसतं, वाढत्या वयातल्या मुलाला त्यासाठी जाड-बारीक कोण करणार? लेखकाने स्वतःच्या हाताने ते सोडलं. दुसरं टोक मिखाएल एंडे, त्याच्या 'नेव्हरएंडिंग स्टोरी'वरचा १९८४ चा सिनेमा त्याला इतका नावडला की तो कोर्टात गेला, आणि हरला. सिनेमात पुस्तकाचा अर्धाच भाग होता, आणि जगभरच्या पोरांना तो आवडला ते वेगळंच.

तुम्ही स्वतःला एकच विचारा, तुमचं सगळ्यात लाडकं प्रकरण सिनेमातून काढायला लागलं तर तुम्ही काढाल का? हो असेल तर आग्रह धरा, सोबतीला एक अनुभवी पटकथाकार घ्या. नाही असेल तर पटकथा त्यांना लिहू द्या आणि तुम्ही करारात तीन गोष्टी मागून घ्या, प्रत्येक ड्राफ्ट वाचायला मिळेल, तुमचं नाव पडद्यावर कुठे आणि कसं येईल, आणि पुढचे भाग निघाले तर त्याचे वेगळे पैसे. मुलांचे संवाद मात्र तुमच्या नजरेखालून गेलेच पाहिजेत असा हट्ट करा, कारण मुंबईत बसून लिहिलेली रत्नागिरीची पोरं "यार" म्हणतात. आणि प्रीमियरचे पास आत्ताच लिहून घ्या, शाळेतल्या मुलांसाठी जास्तीचे, नंतर फोन कोणी उचलत नाही.